औषधाला दोष नाही

सर्जापूर रोड,
९ फेब्रुवारी १९९७

वाणीअक्काला नमस्कार,

हे पत्र मी दसऱ्यापासून टाळतोय. कागद आणला, रघुपतीचं पेन मागून घेतलं, त्याचं टोपण चावून चपटं केलं, आणि तेवढ्यात शेजारच्या रानात बोअरवेल खणणारी गाडी आली, ती बघायला गेलो. साडेचारशे फूट गेले तरी नुसती पांढरी भुकटी. मालक डोक्याला हात लावून बसला, तर मीही त्याच्याशेजारी तसाच बसलो, जसं काही माझंच पाणी लागलं नव्हतं. मग दिवाळी आली, मग थंडी. तू म्हणशील, हा पहिल्यापासून असाच. खरं आहे. सोलापूरला आठवीत गणिताच्या पेपराला म्हणून निघालो आणि वाटेत माकडवाल्याच्या मागे गेलो, ते बाबांनी तुमच्याकडेही कळवलं होतं.

आता लिहितो, कारण मागच्या रविवारी मोहनकुमार भाऊजी डबा घेऊन आले होते आणि जाता जाता एक वाक्य बोलून गेले. ते सांगतोच. आधी अप्पांच्या श्राद्धाचं.

त्याची माफी मागत नाही. मागून काय होणार? तुझ्या वडिलांचं श्राद्ध, पानावर बसलेले भीमाचार्य, आणि सोवळं नेसून खीर वाढणारा मी. उभ्या उभ्या डोळा लागला. आधी खिरीचं भांडं गेलं, मग मी, आणि मग पोटातलं सगळं आचार्यांच्या पानावर. भात नव्हताच पोटात. नुसतं तपकिरी, चिकट, गोड वासाचं पाणी. आचार्य पानावरून उठले, श्राद्ध अर्धं राहिलं. तू नाकाला पदर लावलास. भाऊजींनी मला ओल्या पंच्यासकट रिक्षात घातलं आणि इथे आणून सोडलं. तो वास मला अजून येतो. कुणी शिऱ्यात वेलची जरा जास्त घातली तरी उठून बाहेर जातो.

इथलं तू विचारत नाहीस, तरी सांगतो. पत्र्याचं छप्पर, निलगिरीची झाडं, समोर नाचणीचं शेत आणि शेतात ‘लवकरच प्लॉट मिळतील’ अशी पाटी. या उजाड रानात कोण येणार राहायला, कुणास ठाऊक. व्यसन सोडायला आलेले आम्ही चौदा जण आहोत. रघुपती इथला मुख्य, त्याने स्वतः बारा वर्षं गर्द ओढलेली, आता सुटून नऊ वर्षं झाली. रोज सकाळी सगळ्यांना गोल बसवतो आणि एकेकाने आपली घाण बाहेर काढायची. मला शिसारी येते, अक्का. माणूस रडतो, नाक पुसतो आणि पुसता पुसता बघून घेतो की कोण कोण बघतंय. मीही तेच करतो. पण साडेचार महिने झाले, थेंब घेतलेला नाही.

आता भाऊजींचं वाक्य. मी विचारलं, “अक्का नाही आली?” तर म्हणाले, “ती आज सकाळीच माहेरी गेलीये, बनशंकरीला. अम्माचं खोकल्याचं औषध पोचवायला. पंधरवड्याला चार बाटल्या लागतात, आमच्या के. आर. पुरमला ओळखीचं दुकान आहे, तिथून नेते.” मी बाटली कशी दिसते ते विचारलं. त्यांनी सांगितलं. नावही सांगितलं.

तू केलेलं चित्रान्न मी तसंच ठेवलं. दुपारी मुंग्यांनी खाल्लं.

अक्का, तुझ्या अम्माला, माझ्या आत्याला, तू जे नेऊन देतेस ते मी प्यायचो तेच आहे. तसलंच नव्हे, तेच. आणि आत्याला खोकला झाला होता दोन वर्षांपूर्वी, तो दहा दिवसांत गेला. आठवून बघ, त्यानंतर तू तिला खोकताना ऐकलंस का? पुढच्या खेपेला जाशील तेव्हा तिच्या डोळ्यांत बघ. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी असेल. दंड खाजवते का बघ. दुपारी माळ घेऊन बसते ती जप करते की पेंगते, बघ. पोट साफ होत नाही म्हणून एरंडेल मागते का विचार.

ती ते औषध म्हणून पीत नाही. मी प्यायचो तशीच पिते. मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

हे तिला दाखवू नकोस. दाखवलंस तरी तिची सगळी स्तोत्रं कन्नड लिपीत, माझं मराठी तिला वाचता यायचं नाही. म्हणूनच एवढं मोकळं लिहिलं.

त्रिविक्रम


२३ फेब्रुवारी १९९७

वाणीअक्का,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. “स्वतःचा चिखल अम्माच्या लुगड्याला पुसू नकोस. ती कांदा शिवत नाही आणि तू तिला नशेबाज म्हणतोस.”

रघुपतीला मराठी येत नाही. कार्ड उलटंसुलटं करून म्हणाला, “कुणी लिहिलंय ते फार रागात आहे. पेनाने कागद फाटलाय बघ.” मी म्हटलं, बहीण आहे. तो म्हणाला, “मग बरंय. बायको असती तर लिहिलंच नसतं.”

तर कांद्याचं बोलू. मी फिरलेला माणूस आहे. हुबळीच्या लॉरीवर क्लीनर होतो, गोव्यात हॉटेलात भांडी घासली, दावणगेऱ्याला एका फोटो स्टुडिओत पोरींच्या केसांना फुलं लावायचं काम केलं, (ते खरं तर चांगलं काम होतं, का सोडलं आठवत नाही.) सगळीकडे लोक मला हुंगायचे. दारूचा वास येतो का, विडीचा येतो का. आणि आत्याकडे आलो तेव्हा तिनेही हुंगलं. वास आला नाही. झालं, भाचा सोवळा. शेजारच्या रत्नाबाईंना ती माझ्यादेखत सांगायची, “आमच्या त्रिविक्रमाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हो.” आणि त्या वेळी माझ्या पोटात तीन बाटल्या असायच्या. आपल्या घरात पाप ओळखायचं ते नाकाने. कांदा, लसूण, दारू, विडी. औषध आलं की नाक बंद. ते दुकानातून येतं, त्यावर डॉक्टरची चिठ्ठी असते, ते देवासमोर ठेवलं तरी चालतं.

एकादशीचं तुला माहीत आहे का? आत्याने भीमाचार्यांना विचारलं होतं, निर्जळी एकादशीला खोकल्याचं घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, “औषधाला दोष नाही, तुंगाबाई.” बरोबरच सांगितलं बिचाऱ्यांनी, त्यांना औषधाचं विचारलं होतं. मग आत्या एकादशीला पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि बाटली अर्धी करायची. त्याने भूक मरते, अक्का. तहानही मरते. सगळी गल्ली कौतुक करायची, या वयात तुंगाबाईंचा केवढा निग्रह. तो निग्रह शंभर मिलीच्या बाटलीत मिळत होता. मला तो दिवस आठवला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. एकीकडे ती भाजी तीन पाण्यांनी धुणार, बाहेरच्या नळाला हात लावणार नाही, आणि दुसरीकडे त्या बाटलीच्या चिकट तोंडाला मुंग्या लागलेल्या, त्या बोटाने निपटून पुन्हा तोंडाला.

तुला वाटतं की वाईट माणसाला व्यसन लागतं आणि चांगल्याला औषध लागू पडतं. मलाही तसंच वाटायचं. इथे मंगळवार-शुक्रवार डॉक्टर दिव्यश्री येतात. लहानखुऱ्या आहेत, स्कूटरवरून येतात, कुणाच्या रडण्याला भाव देत नाहीत. त्यांनी मला सांगितलं ते असं, की दुखणं सोसायचं थोडं औषध आपलं शरीर रोज स्वतःच करतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की घरजावयासारखं बसून राहतं, हात हलवत नाही. मग एक दिवस बाटली आली नाही की शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. तेव्हा माणूस मौजेसाठी पीत नाही. तो पितो ते नुसतं इतरांसारखं उठून बसता यावं म्हणून. यात देवभक्त, नास्तिक, कांदा खाणारे, न खाणारे असं काही नसतं.

मला इथे सहा दिवस लागले. डोळे, नाक, पोट, सगळ्या भोकांतून गळत होतो. अंगावर काटा असा की कोंबडीची सोललेली कातडी. पाय आपोआप झाडत होतो. चौथ्या दिवशी संडासातच भिंतीला टेकून झोपलो आणि दुसऱ्याने लाथ मारून उठवलं, कारण त्याला जायचं होतं. मी चोवीस वर्षांचा आहे म्हणून निभावलं.

म्हणून आजच्या पत्रातलं हे एक वाक्य तरी पाठ कर, बाकीचं हवं तर चुलीत घाल. आत्याची बाटली एकदम बंद करू नकोस. ती अडुसष्ट वर्षांची आहे, तिला रक्तदाब आहे. डॉक्टरला दाखवून, ते सांगतील तसं हळूहळू उतरवायचं असतं.

सुरुवात कुणी केली, कशी झाली, ते आता उगाळून काय उपयोग.

त्रिविक्रम


११ मार्च १९९७

वाणीअक्का,

या वेळी चार पानं आली. तीनदा वाचली. तू लिहिलंयस ते मी पुन्हा इथे लिहितो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल.

मला खोटं पाडायला तू सोमवारी बनशंकरीला जाऊन राहिलीस. बाटल्या उचलून आपल्या पेटीत घातल्यास, कुलूप लावलंस. आत्याला म्हणालीस, “अम्मा, मी काढा करून देते, हे आता नको. आणि मी असेपर्यंत बाहेरही जायचं नाही, ऊन आहे.” ती म्हणाली, “सरी, बरं, तू म्हणशील तसं.” मंगळवारी तिला जांभयांवर जांभया. बुधवारी एकादशी. नाक गळायला लागलं, पायांत गोळे, थंडी वाजते म्हणून गोधडी आणि लगेच गरम होतं म्हणून फेकून दिली. मग जुलाब. ज्या बाईने सगळ्या आयुष्यात कुणाला आपलं वाळत घातलेलं लुगडं शिवू दिलं नाही, तिचं लुगडं अंथरुणात खराब झालं. तू पुसायला गेलीस तर “शिवू नकोस, शिवू नकोस” म्हणून लहान मुलीसारखी रडली. गुरुवारी पहाटे तुला राहवलं नाही. पेटी उघडलीस, दोन झाकणं पाजलीस. तासाभरात उठून बसली. न्हाली, पारणं फेडलं, सारू-भात केला आणि तुला म्हणाली, “बघ. औषध ते औषध.”

आणि शेवटी तू लिहिलंयस, “औषध बंद केलं तर आजारी पडली, दिलं तर बरी झाली. आता बोल, त्रिविक्रमा.”

बोलतो. पण आधी एक घाणेरडी गोष्ट सांगतो. तुझं पत्र वाचताना, ‘दोन झाकणं पाजली’ या शब्दांपाशी आलो तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आत्या घाणीत पडली होती, तू रडत होतीस, आणि माझी जीभ लाळ गाळत होती. साडेपाच महिन्यांनंतर. मी बाहेर जाऊन निलगिरीखाली थुंकत बसलो. इथलं एक कुत्रं आहे, ते हुंगायला आलं, त्यालाही पसंत पडलं नाही.

आता ऐक. तुला जे औषधाचा गुण वाटला तोच तर गळ आहे, अक्का. खोकल्याचं औषध थांबवलं तर खोकला परत येतो. जुलाब येत नाहीत. तिला जो आजार झाला तो बाटली न मिळण्याचा होता, आणि बाटलीने तोच बरा केला. मीही दोन वर्षं स्वतःला हेच सांगायचो. घेतलं नाही की मरतो, घेतलं की ठीक, म्हणजे मला ते लागतंच. गोलमाल कुठे आहे, ते आत असताना दिसत नाही. डॉक्टर दिव्यश्रींना तुझं पत्र वाचून कन्नडमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझी बहीण हट्टी आहे, पण तिने आजाराची लक्षणं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा नीट लिहिली आहेत. आणि पुन्हा असं करू नको म्हणावं. म्हातारीच्या अंगातलं पाणी आटलं असतं तर?”

आता ते, जे मी मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. इथल्या गोलातही सांगितलेलं नाही. तिथे मी लॉरीवरच्या गोष्टी सांगतो, त्या ऐकायला सगळ्यांना आवडतात.

आत्याच्या देवघराशेजारी भिंतीतलं कपाट आहे, तिच्या सोवळ्याच्या लुगड्यांचं. त्याला तूसुद्धा हात लावत नाहीस. मी ठेवायचो तिथे माझ्या बाटल्या. अख्ख्या घरात तेवढी एकच जागा जिथे कुणी शोधणार नाही. लुगड्यांच्या चळतीमागे सहा बाटल्या. एका सकाळी ती न्हाऊन आली, नेसायला लुगडं ओढलं आणि बाटली लवंडली. मी समोर बाजेवर लोळत होतो.

“त्रिविक्रमा, हे काय रे?”

अक्का, मला पळायला जागा नव्हती. तिला त्या दिवसांत खोकला होता. तोंडातून निघून गेलं, “तुझ्यासाठीच आणलं, आत्या. किती खोकतेस.”

“अरे, पण सोवळ्यात कशाला ठेवलंस? बाहेर ठेवायचं की.”

“औषधाला कसलं सोवळंओवळं?”

मला वाटलं ती ओरडेल, सगळी लुगडी पुन्हा धुवायला काढेल. ती पाटावर बसली. ओल्या केसांचं पाणी टपकत होतं. म्हणाली, “हे गेल्यापासून माझा खोकला कुणाला ऐकूच आला नव्हता रे.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. नाही बोललो. उठलो, बाटली उघडली, झाकणात ओतलं, तिच्या हातावर ठेवलं. तिने डोळे मिटून घेतलं, तीर्थ घ्यावं तसं. म्हणाली, “गोड आहे.”

त्यानंतर मला बरंच झालं. दुकानात सांगायला कारण मिळालं, आत्यासाठी हवंय. तिने आपल्या रक्तदाबाच्या डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून आणली. ती मी इतकी वापरली की घडीवर फाटली. सकाळी तिला झाकणभर, बाकीची मला. मग तिला दोन झाकणं. मग एक दिवस मी बाहेरून आलो तर ती दारातच उभी. “आणलंस का रे आज?” तो आवाज, अक्का. मी तो दहा गावांतल्या दहा माणसांच्या गळ्यातून ऐकलाय, माझ्या स्वतःच्याही. मी ओळखला. ओळखला, आणि तरी बाटली काढून दिली. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाटलं, आता या घरात मी एकटा नाही.

हे लिहून झाल्यावर मला माझीच किळस येतेय. तुलाही येऊ दे. पण माझा राग तिच्यावर काढू नकोस, आणि तिला सोडवशील तर सावकाश सोडव. तू सोबत नसशील तर ती कुठल्या डॉक्टरकडे जाणार नाही. जगात तिला दोन माणसांचं पटतं, भीमाचार्यांचं आणि तुझं. त्यातल्या आचार्यांना मी काय तोंडाने सांगू?

त्रिविक्रम


२१ मार्च १९९७

वाणीअक्का,

दहा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. फोन केला असता, पण इथल्या फोनच्या तबकडीला कुलूप आहे आणि किल्ली रघुपतीच्या कमरेला. त्याला विचारलं तर म्हणाला, “जी माणसं फोनवर रडतात ती पत्रात विचार करतात. पत्र लिही.” याला असली वाक्यं कुठून सुचतात कळत नाही. मला त्याचा रागच येतो, आणि मग त्याच्या सांगण्याप्रमाणे करतो.

डॉक्टर दिव्यश्रींनी कागदावर लिहून दिलंय, सोबत पाठवतो. घरी पाहणारं माणूस असेल तर थोड्या थोड्याने कमी करायचं, किती ते त्या तपासून ठरवणार. दोन महिने लागतील, तीनही लागतील. जुलाबाला, पायांच्या गोळ्यांना, झोपेला त्या निराळं देतील. आणि त्या म्हणाल्या, बाटली कमी करणं सोपं आहे, दुपार भरून काढणं कठीण. तिची दुपार कशाने भरायची ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. मी खूप विचार केला. अप्पा गेल्यापासून त्या घरात दुपारी कोण असतं? भिंतीवरचं घड्याळ आणि ती. मी होतो तेव्हा मीही पेंगलेलाच असायचो. दोन माणसं दोन कोपऱ्यांत पेंगतायत, मध्ये देव. त्या देवांनाही किळस आली असेल.

तुला हवं असेल तर मी

थांब. फाटकाशी रिक्षा आली. आज शुक्रवार, डॉक्टर यायच्या आहेत, पण त्या रिक्षाने येत नाहीत. रिक्षावाल्याशी कुणीतरी कन्नडमध्ये जोरात भांडतंय. “स्वल्प पुढे घे म्हटलं तर खड्ड्यात घातलंस! म्हाताऱ्या माणसाला उतरता येतं का इथे?” तो आवाज

अक्का, आत्या आली आहे.

एकटी. नऊवारी, हातात पिशवी. जी बाई मठ आणि देवळापलीकडे सोबतीशिवाय गेली नाही, ती बनशंकरीहून इथवर. मी खिडकीत उभा राहून लिहितोय. रघुपतीने तिला कचेरीत बसवलं. मधे फक्त पातळ फळी आहे, सगळं ऐकू येतं. तो म्हणतोय, “अम्मा, इथे बायकांना ठेवत नाही.” ती म्हणतेय, “मग तशी पाटी का नाही लावली बाहेर? मी राहायला आले नाही. तुमच्या डॉक्टरणीला भेटायला आले.”

पत्ता कुणी दिला, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, “मुलीने भाच्याचं पत्र वाचून दाखवलं. तो किती खोटारडा आहे ते मला पटवायला. मी ऐकलं. मग म्हटलं, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा ती मधेच थांबली, तिला पुढे वाचवेना. काल ती घरी गेली, आज मी आले. पत्ता पत्रावर होताच, तोही तिने वाचला होता.”

म्हणजे तू तिला वाचून दाखवलंस. कपाटाचंही.

रघुपतीने वही उघडली. नाव, तुंगाबाई सुब्बाराव. वय. मग त्याने तो प्रश्न विचारला, किती घेता. अक्का, या प्रश्नाला पहिल्या दिवशी इथे कुणी खरं उत्तर देत नाही. मी दोन सांगितल्या होत्या आणि घेत होतो पाच. रघुपती आल्या माणसाचा आकडा आपला दुप्पट करूनच लिहितो.

तिने पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “दिवसाला एक बाटली. सणावारी दीड.”

वाणीअक्का, तू तर पंधरवड्याला चारच नेत होतीस.

रघुपतीने दुप्पट केलं नाही. तेवढंच लिहिलं आणि कमरेची किल्ली काढून फोनचं कुलूप उघडलं, तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर तिला विचारतोय. हे पत्र पोचायच्या आत तुला निरोप मिळेल, तरी टाकतो. बाहेर डॉक्टरांची स्कूटर लागली. आत्या फळीपलीकडून विचारतेय, “तो आहे ना इथे? त्याला बोलवा. मला एकटीला नाही सांगता येणार सगळं.”

जातो.

त्रिविक्रम